रिकामी ठेवलेली अर्धी जागा

दवाखान्यात नोकरी होती असं सांगितलं की लोक लगेच गुडघेदुखीवर औषध विचारतात. मी डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते, औषधांच्या काउंटरवरही कधी बसले नाही. धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी डेटाबेस सांभाळत होते. म्हणजे नेमकं काय, हे अमळनेरला राहणाऱ्या माझ्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, पोरगी दवाखान्यात कॉम्प्युटरवर आहे. मीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

खरं तर काम सांगायला सोपं आहे. पेशंट दारातून आत आला की त्याचं नाव, वय, रक्तगट, आधीचे आजार, कोणतं औषध त्याला चालत नाही, तपासण्यांचे निकाल, रक्तपेढीतली कोणती पिशवी कोणासाठी निघाली, हे सगळं कुठेतरी शिस्तीत ठेवावं लागतं. एकाच वेळी दहा विभागांतून माणसं ते मागत असतात, बदलत असतात. कोणाला दुसऱ्याचा निकाल जाऊ नये आणि अर्धवट लिहिलेलं पुरं म्हणून दाखवलं जाऊ नये, ही माझी जबाबदारी. सगळं सुरळीत असेपर्यंत या माणसाची आठवण कोणालाही येत नाही. माझा फोन वाजला म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे मी गृहीतच धरायची.

आमची सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे होती. प्रत्येक विभागाचं यंत्र वेगळं. नोंदणीचं एक, लॅब आणि रक्तपेढीचं एक, एक्स-रेच्या चित्रांचं एक, औषधांचं, हिशोबाचं, अशी रांग. उन्हाळ्यात खोलीतले दोन्ही एसी दिवसभर घरघरत. लॅबचं यंत्र इतकं जुनं झालं होतं की ते बंद करायची कोणाची छाती नव्हती. एकदा बंद केलं तर पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला तेव्हा कंपनीनं सांगितलं की आता तो बनतच नाही. शेवटी मुंबईच्या एका भंगारवाल्याकडे सापडला. भंगारातून आलेल्या भागावर धुळ्याची रक्तपेढी चालते आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना काळजी करायला इतर गोष्टी पुष्कळ असतात.

अशात प्रशांत बोरसे आमच्याकडे आला. शिरपूरकडचा मुलगा. काही वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत काढून, आईवडिलांसाठी परत फिरलेला. यंत्रांचा विभाग त्याच्याकडे, त्यांच्यातला डेटाबेस माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात त्यानं रांग पाहिली आणि म्हणाला की ताई, ही सगळी काढू, दोनच मोठी घेऊ.

त्याचं म्हणणं असं. या यंत्रांपैकी बहुतेक दिवसभर रिकामी बसलेली असतात, तरी वीज खातात आणि खोली तापवतात. त्यापेक्षा दोन ताकदवान यंत्रं घ्यायची आणि त्यांच्या पोटात, एका खास प्रणालीच्या मदतीनं, अनेक आभासी यंत्रं तयार करायची. लॅबच्या यंत्राला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, हिशोबाच्या यंत्रालाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकाच पेटीतली मेमरी आणि एकाच साठ्यातली डिस्क वाटून घेत असतात. एक पेटी बंद पडली तर तिच्यातली आभासी यंत्रं दुसऱ्या पेटीवर आपोआप उठतात. भंगारवाल्याकडे जायची वेळ येत नाही.

बाकी सगळ्यांसाठी मला ते पटलं. डेटाबेससाठी पटत नव्हतं. सामाईक विहीर असलेल्या घरात मी वाढले आहे. एरवी पाणी पुरतं. सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की मात्र शेवटच्या वाफ्यापर्यंत काही पोचत नाही. डेटाबेसला डिस्क आणि मेमरी सारखी लागते, आणि लागते तेव्हा लगेच लागते. शिवाय डेटाबेसच्या कंपनीचं लायसन्स आपण पेटीचा किती तुकडा वापरतो ते बघत नव्हतं, ते अख्ख्या पेटीवर लागायचं, म्हणजे पैसे जास्त. आणि काही हळू झालं तर चूक माझी की बोरसेची की मधल्या प्रणालीची, हे शोधायलाच निम्मा दिवस जाणार.

निर्णय विश्वस्तांकडे गेला. मुख्य विश्वस्त म्हणजे आमचे बाबूजी. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या जैन व्यापारी घराण्यातले, डाळींचा व्यापार. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं ते स्वतःच सांगायचे आणि मग असे प्रश्न विचारायचे की आम्हाला आमचे कागद पुन्हा चाळावे लागायचे. त्यांनी बोरसेला फायदे विचारले, मला तोटे विचारले. मग उलटं केलं. बोरसेनं तोटे सांगायचे, मी फायदे. त्या तासाभरात आम्ही दोघं एकमेकांना जितकं समजलो तितकं वर्षभरात समजलो नसतो. मला कबूल करावं लागलं की नवी आवृत्ती बसवण्याआधी अख्ख्या डेटाबेसची नक्कल करून तिच्यावर चाचणी घेता येईल, हे माझ्या आयुष्यभराचं स्वप्न आहे. आणि जुनं लॅबचं यंत्र आज गेलं तर माझ्याकडे त्याला पर्याय नाही, हेही सांगितलं.

शेवटी मी दोन अटींवर तयार झाले. रुग्णांच्या मुख्य डेटाबेसची, ज्यात आता लॅब आणि रक्तपेढीही येणार होती, मेमरी त्याच्यासाठी राखीव राहील, कोणी वाटून घेणार नाही. आणि दोन्ही पेट्या अर्ध्याच भरायच्या. एक गेली तर दुसरीत सगळ्यांना जागा हवी.

"म्हणजे दोन गोदामं बांधायची आणि दोन्ही अर्धी रिकामी ठेवायची?" बाबूजींनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. व्यापाऱ्याला ही गोष्ट गिळायला किती जड गेली असेल, ते मला दिसत होतं. पण त्यांनी मान्य केलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. खोलीतली घरघर कमी झाली, लॅबचे निकाल पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागले. एकच गोष्ट छळत होती. दर सोमवारी सकाळी, ऐन बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत, सगळं अडखळायचं. रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. देवरे फोन करून एवढंच म्हणायच्या, महाजन, आज सोमवार आहे का. मी माझ्या डेटाबेसमध्ये शोधत राहिले, बोरसे त्याच्या पेट्यांमध्ये. दोघांकडेही सगळं ठीक दिसत होतं. अखेर सापडलं ते हजेरीच्या यंत्रात. त्यावरची व्हायरस तपासणी सोमवारी सकाळी सुरू होई आणि सामाईक डिस्क एकटंच ओरबाडत बसे. हजेरीशी माझा काही संबंध नव्हता, पण आता आम्ही शेजारी होतो. त्या तपासणीची वेळ रविवारी केली आणि सोमवार सुटला.

दुसरा प्रकार मात्र हळूहळू आणि गोडीगुलाबीनं घडला. पूर्वी एखाद्या विभागाला नवं यंत्र हवं असेल तर अर्ज, मंजुरी, खरेदी, यात कित्येक महिने जात. आता बोरसे ते चहा पिता पिता बनवून देई. मग सगळेच मागू लागले. प्रशिक्षणासाठी एक, अहवालांसाठी एक, कँटीनच्या कुपनांसाठी एक. माझ्या डेटाबेसला राखीव मेमरी मिळाली आहे हे कळल्यावर प्रत्येकाला आपलीही राखीव हवी झाली. नाही म्हणणं बोरसेच्या स्वभावात नव्हतं, आणि दवाखान्यातले विभागप्रमुख काही साधे लोक नसतात. मी दोनदा विचारलं की अर्धी जागा शिल्लक आहे ना. तो म्हणाला की बघतो, जरा आवरतो.

मग तो मे महिना आला. खानदेशातल्या मे महिन्याबद्दल इथल्या वाचकाला मी वेगळं काय सांगणार. सकाळपासून खोलीतल्या एका एसीचा कॉम्प्रेसर बसला होता आणि दुरुस्तीवाला जेवण करून येतो म्हणाला होता. बोरसे कामासाठी ट्रस्टच्या जळगावच्या रुग्णालयात गेला होता. दुपारी महामार्गावर वऱ्हाडाची बस एका ट्रकवर आदळल्याची बातमी आली आणि थोड्याच वेळात रुग्णवाहिकांची रांग लागली. खाली धावपळ सुरू झाली. स्ट्रेचर कमी पडले, लोक चादरीत घालून माणसं आणत होते. मी वरच्या मजल्यावरून ते पाहिलं आणि खोलीत परत आले. तेवढ्यात पहिल्या पेटीचे पंखे आधी जोरात फिरले आणि मग एकदम थांबले. तापमान मर्यादेपलीकडे गेलं की पेटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. तिची तशी रचनाच असते.

मी पडद्यासमोर बसले. ठरल्याप्रमाणे पहिल्या पेटीतली यंत्रं दुसरीवर उठायला लागली. हजेरी उठली. प्रशिक्षण उठलं. कँटीनची कुपनं उठली. अहवाल, हिशोब उठले. सर्वांत शेवटी, सर्वांत मोठा, माझा डेटाबेस राहिला आणि त्याच्यासमोर लाल अक्षरात आलं की पुरेशी राखीव मेमरी उपलब्ध नाही. टेम्पोत आधी लहानसहान डबे भरून ठेवले की कपाट रस्त्यावर राहतं, तसं झालं होतं. खाली माणसं रक्तासाठी थांबली होती आणि वर कँटीनची कुपनं व्यवस्थित चालू होती.

बोरसेला फोन लावला. जागा नसताना नवं यंत्र चढूच देणार नाही, असं एक बंधन त्या प्रणालीत असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते बंधन मी मागच्या उन्हाळ्यात काढून टाकलं. नवीन काही चढवूच देत नव्हतं."

चिडायला वेळ नव्हता. दोन मार्ग होते. जळगावला डेटाबेसची एक प्रत सतत जात असे, ती तिथे सुरू करता आली असती. पण ती प्रत थोडी मागे असायची, आणि त्या मागे राहिलेल्या वेळेतच बसमधले जखमी दाखल झाले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी घाई करायची, नेमकी त्यांचीच नावं आणि नमुने त्या प्रतीत नसते. दुसरा मार्ग म्हणजे इथेच इतरांना बंद करून जागा करायची, आणि दुसरी पेटीही तापून बंद पडण्याआधी डेटाबेस उठेल अशी आशा करायची. मी दुसरा मार्ग धरला. बोरसेनं विचार करून होकार दिला.

तोवर डॉ. देवरेंचा फोन आला. मागे आवाजांचा गलका होता, त्यांचा स्वर मात्र नेहमीसारखाच.

"वाट पाहू की कागदावर जाऊ? नक्की सांग."

माझ्या नोकरीत मला विचारलेला सर्वांत अवघड प्रश्न तोच. थोडं थांबा म्हणावं असं फार वाटत होतं. कागदावर जायचं म्हणजे रक्तगट पुन्हा हातानं तपासायचे, सकाळच्या छापील तक्त्यावर ज्यांचे निकाल आहेत तेवढ्याच पिशव्या वापरायच्या, बाकीच्या समोर असून हात लावायचा नाही. त्यात वेळ जाणार. पण थांबा म्हणाले आणि डेटाबेस उठलाच नाही, तर थांबण्यात गेलेला वेळही माझ्याच नावावर.

"कागदावर जा," मी म्हणाले. त्यांनी पुढे काही न विचारता फोन ठेवला.

कुपनं, हजेरी, प्रशिक्षण, अहवाल मी कोणाला न विचारता बंद केले. तरी जागा पुरेना. आता उरली होती एक्स-रेची चित्रं, औषधं आणि हिशोब. खाली जखमींची स्कॅन चालू होती, त्याला हात लावणं शक्य नव्हतं. औषधांनाही नाही. हिशोब विभागाच्या पवारांना फोन केला. त्यांची महिनाअखेरची कामं निम्म्यावर होती. ते म्हणाले की पाच मिनिटं द्या, नीट बंद करतो. मी नाही म्हणाले आणि त्यांचा फोन चालू असतानाच ते यंत्र तोडलं.

लाल अक्षरं गेली. डेटाबेस सुरू होऊ लागला. पण अचानक बंद पडलेला डेटाबेस लगेच दार उघडत नाही. कोणतं काम पुरं झालं होतं, कोणतं अर्धवट राहिलं होतं, हे तो आधी एकेक करून तपासतो, अर्धवट असेल ते पुसतो. त्याला घाई करता येत नाही, करूही नये. चुकीचा रक्तगट लवकर दाखवण्यापेक्षा उशीर बरा. दुसऱ्या पेटीचं तापमान मात्र एकेक अंशानं चढत होतं. वॉर्डबॉय उभे पंखे घेऊन आले. कोणीतरी बाह्यरुग्ण विभागातला कूलर ढकलत आणला, तो मी दारातच अडवला. त्याची ओली हवा यंत्रांवर गेली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. दार सताड उघडं ठेवलं आणि जिन्यातली हवा आत घ्यायला सुरुवात केली.

त्या उघड्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. टोपी हातात, सदऱ्यावर डाग. खालच्या गर्दीत वाट चुकून वर आले असावेत. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून त्यांना मी डॉक्टरीण वाटले.

"ताई, मना आंडोर मझार शे," ते म्हणाले. मुलगा आत आहे. "त्याले रगत भेटी ना?"

मी डॉक्टर नाही, हे सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "भेटी, आबा." ते मान डोलावून तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. आपण काय बोलून गेलो, हे मला त्यांच्या बसण्यानं कळलं. मी पुन्हा पडद्याकडे वळले आणि तेव्हापासून एकदाही दाराकडे पाहू शकले नाही.

बोरसे फोनवरच होता. तो तापमान विचारी, मी सांगे. एकदा तो म्हणाला की ताई, आता औषधांचंही बंद करा, भार उतरेल. मी म्हणाले थांब. मर्यादेच्या अगदी तोंडाशी येऊन आकडा अडला. पंख्यांमुळे की भार कमी झाल्यामुळे, ते आजही सांगता येणार नाही. तो तिथेच राहिला, चढला नाही. आणि मग डेटाबेसनं दार उघडलं.

मी रक्तपेढीत धावत गेले, फोन करायचंही सुचलं नाही. डॉ. देवरेंनी पडद्यावर एक नमुना काढून पाहिला, हातातल्या कागदाशी ताडला, आणखी एक पाहिला आणि माणसांना सांगितलं की आता यावर करा.

त्या अपघातात काही माणसं जागीच गेली होती. आमच्याकडे जिवंत पोचलेल्यांपैकी रक्ताअभावी कोणी गेलं नाही. आबांच्या मुलाचा पाय वाचला नाही, मुलगा वाचला. त्याला चढवलेली पहिली पिशवी कागदावरच निघाली होती, माझ्या यंत्राचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक माझं कौतुक करायला लागले होते.

हिशोबाचं यंत्र उठलं तेव्हा त्यातली बरीच कामं गायब होती. पवारांच्या विभागानं ती पुन्हा केली. ते माझ्याशी पुढे कित्येक दिवस बोलले नाहीत. निर्णय चुकला असं मला कधी वाटलं नाही, पण बोलता माणूस फोनवर असताना मी त्याचं काम तोडलं, हे मनात राहिलं आहे.

त्यानंतरच्या बैठकीत विश्वस्तांपैकी अनेकांचं एकच मत होतं. ही आभासी भानगड पुरे, पूर्वीसारखी प्रत्येकाला वेगळी यंत्रं द्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. सुरुवातीला विरोध मीच केला होता.

मी म्हणाले की तसं करू नका. त्या दुपारी खोली तापलीच असती, आणि लॅबचं वेगळं यंत्र बंद पडलं असतं तर ते उठवायला दुसरी जागाच नसती. कागदावर आपण काही मिनिटं नाही, काही आठवडे चाललो असतो. बिघाड एकत्र ठेवण्यात नव्हता. रिकामी जागा सगळ्यांना फुकटची वाटली, त्यात होता.

"ती जागा खाल्ली कोणी?" बाबूजींनी विचारलं.

बोरसे उभा राहिला. "मी दिली," तो म्हणाला.

"दिली कोणी ते नाही विचारलं. खाल्ली कोणी?"

एकेका विभागप्रमुखाची मान खाली गेली. बाबूजींनी कोणाचं नाव घेतलं नाही. पुढच्या वेळी कोणाला आधी बंद करायचं याचा क्रम आत्ता, इथेच लावा, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येकाचं काम अत्यावश्यक होतं. मग बाबूजी म्हणाले, "पहिलं माझं कार्यालय बंद करा. ट्रस्टचा कारभार एक दिवस थांबला तर कोणी मरत नाही." त्यानंतर क्रम लागायला फार वेळ लागला नाही. दुसरं नाव पवारांनी आपणहून हिशोबाचं दिलं.

बोरसेनं ते बंधन त्याच संध्याकाळी परत घातलं. शिवाय स्वतःहून एक प्रथा सुरू केली. दर वर्षी उन्हाळ्याआधी, सगळ्या विभागांना सांगून, कामाच्या दिवशी, भर सकाळी, तो एका चालू पेटीची वायर हातानं ओढतो. कागदावर सगळं ठीक आहे, यावर त्याचा आता विश्वास नाही. पहिल्या वेळी तो वायर धरून नुसता उभाच राहिला, तेव्हा मी म्हणाले, मी ओढते. तो म्हणाला, नाही ताई, मीच.

मी निवृत्त झाले आणि जळगावला मुलीजवळ राहायला आले. तरी त्या दिवशी सकाळी त्याचा फोन येतो. "ताई, ओढतोय," एवढंच म्हणतो आणि फोन तिथेच रॅकवर ठेवतो. मी स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून उभी राहते. पलीकडे त्या पेटीच्या पंख्यांची घरघर असते, आणि मग ती थांबते. माझी मुलगी दारातून खुणेनं विचारते, काय झालं. मी हातानंच तिला थांब म्हणते. काही वेळानं पलीकडून रक्तपेढीतल्या कोणाचा तरी आवाज येतो, दिसतंय, चालू आहे. मग बोरसे फोन उचलतो.

"उठला, ताई," तो म्हणतो.

मी बरं म्हणते, आणि गॅस पुन्हा पेटवते.